तोफच बसवली नव्हती, मग रिलोड कोणी मोजला?

चि-रीवर लिहिल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत. चि-री म्हणजे जपानचा 1945 चा अर्धवट राहिलेला प्रायोगिक मध्यम रणगाडा, वर्ल्ड ऑफ टँक्स हा रणगाड्यांचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना नाव पाठ असतं. एकेकाला वेगळं उत्तर देऊन बोटं दुखायला लागली म्हणून सगळ्यांची इथेच घेतो.

प्र. चि-तो आणि चि-री, यातला खरा बनला कुठला? (नाशिक)

चि-तो, म्हणजे चि-रीच्या आधीचा जपानी मध्यम रणगाडा, तोसुद्धा फक्त 2 पूर्ण झाले. चि-रीचा एकच सांगाडा, अर्धवट.

प्र. 'टाइप 5' म्हणजे जपानचा पाचवा रणगाडा ना? आणि हे चि चि काय आहे? (सांगली)

नाही हो. टाइपचा आकडा जपानी शाही सनावरून येतो. 1937 म्हणजे त्यांचं 2597, म्हणून तेव्हाचा चि-हा रणगाडा झाला टाइप 97. 1945 म्हणजे 2605, म्हणून चि-री टाइप 5. 'चि' म्हणजे मध्यम रणगाडा, आणि पुढचं अक्षर त्यांच्या जुन्या इ-रो-हा क्रमातलं, आपल्या क-ख-ग सारखं. 'हा' तिसरा, 'तो' सातवा, 'री' नववा, 'नु' दहावा. आता गंमत बघा, चि-नु नंबरात दहावा पण टाइप 3, म्हणजे सातव्या चि-तोच्या आधीचा. कारण चि-तो रखडला, तोवर काहीतरी हवं म्हणून चि-हाच्याच घराण्यातल्या गाडीवर 75 मिमीची तोफ चढवून चि-नु काढला. तो एक आजही जपानात त्सुचिउराला जपून ठेवलाय. नंबर आणि सन एकत्र वाचलेत की अर्धे गोंधळ तिथेच मिटतात.

प्र. एक चि-तो तळ्यात बुडवलाय आणि सरकार लपवतंय, व्हिडिओ पाहिला. खरं का? (पुणे)

युद्ध संपल्यावर एक चि-तो हामाना सरोवरात ढकलला असं तिथले लोक सांगतात, आणि 2012-13 च्या सुमारास त्यांनी शोधलाही, सापडला नाही. 'सरकार लपवतंय' हा भाग व्हिडिओवाल्याचा.

प्र. चि-रीवर टायगरची 88 बसवणार होते म्हणे? (कोल्हापूर)

टायगरची, म्हणजे त्या जर्मन रणगाड्याची, नाही. जपानची टाइप 99 ही 88 मिमीची विमानविरोधी तोफ चीनमध्ये हाती लागलेल्या जर्मन नौदलाच्या तोफेवरून बनवलेली, टायगरच्या 88 शी तिचा संबंध फक्त व्यासापुरता. जपानने एक टायगर विकत घेतला होता हे मात्र खरं, पैसे मोजले आणि तो जपानला पोचलाच नाही.

प्र. गेममध्ये चि-री 3 गोळे फटाफट टाकतो. मित्राशी पैज लागली आहे, खऱ्या युद्धात त्याने अमेरिकेच्या शर्मन रणगाड्याला उडवलंच असतं ना? (ठाणे)

आला. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो, तेव्हा बसा जरा.

आधी खरं काय ते. साधारण 37 टन वजन, समोर 75 मिमी चिलखत, 6 माणसं, बीएमडब्ल्यूच्या विमान इंजिनावरून आलेलं 550 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, वरच्या फिरत्या बुरुजात 75 मिमीची तोफ ठरलेली, शिवाय पुढे हलमध्ये, म्हणजे गाडीच्या धडात, एक 37 मिमीची. ती 75 मिमी मुळात चीनमध्ये हाती लागलेल्या, स्वीडनच्या बोफोर्सच्या विमानविरोधी तोफेची नक्कल. तिचा गोळा लांब आणि जड, बुरुजाच्या अरुंद जागेत माणसाने तो उचलून ढकलायचा म्हणजे हाल, म्हणून अर्धस्वयंचलित लोडरचा विचार झाला. म्हणजे माणूस गोळा ठेवणार, आत ढकलायचं काम यंत्र करणार. इथपर्यंत इतिहास.

आता पुढचं नीट वाचा. युद्ध संपलं तेव्हा त्या एकुलत्या एका गाडीत मुख्य तोफ बसलेलीच नव्हती! अमेरिकनांच्या हाती लागली ती तशीच. मग वर्ल्ड ऑफ टँक्समधले 3 गोळे, दोन गोळ्यांमधले सेकंद, हे कुठल्या मैदानावर कोणी घड्याळ लावून मोजले? कोणीच नाही. गेम बनवणाऱ्यांनी ठरवले, कारण सातव्या टिअरला, म्हणजे गेममधल्या सातव्या पातळीला, बाकीच्या गाड्यांसमोर ती टिकली पाहिजे आणि खेळायला मजा आली पाहिजे. त्यात त्यांची काही चूक नाही, तो त्यांचा धंदाच आहे. चूक आपली. आपण तो आकडा उचलतो, ग्रुपवर टाकतो, कोणीतरी त्याचा व्हिडिओ करतो, आणि वर्षभराने तोच व्हिडिओ मला पुरावा म्हणून पाठवला जातो. आणि शर्मन? ते जवळपास 49 हजार बनले. एका बाजूला 49 हजार, दुसऱ्या बाजूला तोफ नसलेली एक गाडी, यात पैज कसली लावता? जपानचं पोलाद आधी विमानांना आणि जहाजांना जात होतं, रणगाड्यांचा नंबर शेवटी, म्हणून ती एकच.

आपल्याकडच्या आघाडीवर जपानी रणगाडा खरोखर लढला तो हा-गो, 7 टनांच्या आसपास, 12 मिमी चिलखत. मार्च 1944 मध्ये मणिपूरला लागून ब्रह्मदेशात असलेल्या तामूच्या रस्त्यावर ब्रिटिशांच्या ली रणगाड्यांनी त्यांचा चुराडा केला. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये हा-गो उभा आहे, जाऊन शेजारी उभं राहून बघा, मग चिलखताच्या मिलिमीटरवर बोलू. आणि पैजेचा निकाल माझ्याकडून नका घेऊ, जपानी वाचता येणाऱ्या एखाद्या लष्करी अभ्यासकाला विचारा.

प्र. गेममधला प्रीमियम, म्हणजे पैसे मोजून घ्यायचा, जपानी टँक 40 टक्के सूट, 2 दिवस उरलेत. घेऊ का? (औरंगाबाद)

नका. ती 2 दिवसांची सूट दिवाळीला परत येते, नाताळला परत येते. मीही एकदा असाच घड्याळ बघून एक टँक घेतला होता, पुढच्याच अपडेटला त्याचं नर्फिंग झालं, म्हणजे गेमवाल्यांनी त्याची ताकद कमी केली, आणि आता तो गॅरेजमध्ये धूळ खातोय. कार्ड वडिलांचं असेल तर आधी वडिलांना विचारा, आणि पैसे न विचारता गेले असतील तर आजच बँकेला फोन करा, उद्या नाही.

प्र. आम्ही तिघं मिळून छोटा गेम करतोय, चि-री हिरो ठेवला तर चालेल? (बेंगळुरू)

चालेल काय, पळेल. जो रणगाडा कधी लढलाच नाही त्याला खोटं पाडायला कोण येणार! पण त्याला अजिंक्य करू नका. तीन मीटर उंच धूड, लपायला जागा नाही, पेट्रोल इंजिन, आणि दोन तोफा म्हणजे दोन जणांनी एकाच गाडीत खेळायचं, एकाने बुरुज सांभाळायचा, दुसऱ्याने हलमधली 37. हे मी कुठल्याच गेममध्ये धड वापरलेलं पाहिलं नाही. नोव्हेंबर 1945 ला जपानच्या क्युशू बेटावर उतरायचा अमेरिकेचा बेत होता, तो झालाच असता तर, अशी गोष्ट घ्या. जे ठाऊक आहे आणि जे तुम्ही ठरवलंय ते गेममध्येच वेगळं लिहा, हात जोडून सांगतो. उगवत्या सूर्याचा लष्करी झेंडा लावण्याआधी कोरिया-चीनच्या लोकांना विचारा, आणि दुसऱ्या गेममधलं मॉडेल उचलत असाल तर वकिलाला, रिलीजनंतर नाही, आधी.

प्र. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईनंतर त्यांनी आणलेला पितळी तोफगोळा माळ्यावर आहे, वर टोक शाबूत आहे. चि-रीचा असेल का? ब्रासो लावून फोटो पाठवतो. (सातारा)

चि-री जपानबाहेर लढायला कधी गेलाच नाही, त्यामुळे त्याचा नाही. आणि ब्रासो खाली ठेवा. टोक शाबूत म्हणजे फ्यूज असू शकतो, आत दारू असू शकते, 80 वर्षं काही झालं नाही म्हणून आज होणार नाही असं नसतं. एका वाड्यात असाच गोळा फुलदाणी म्हणून गणपतीपुढे ठेवलेला पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. उचलू नका, हलवू नका, घरातल्यांना माळ्याखालच्या खोलीतून बाहेर काढा आणि 112 ला फोन करा, ते बॉम्बशोधक पथक पाठवतील. फोटो मला नको.