फटाक्यांचे दिवस आणि घरातली कुत्री-मांजरं

दरवर्षी वसुबारस आली की तेच चार-पाच प्रश्न येतात, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देतोय.

कुत्र्याच्या कानात कापूस घातला तर चालेल का?
नाही. आवाज थांबत नाही आणि कापूस आत अडकतो.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर जास्तच भित्रा होतो म्हणतात, खरंय?
खोटंय. जवळ आला तर खुशाल घ्या. मांजर कपाटाखाली शिरली असेल तर मात्र ओढून काढू नका, पाणी आणि तिचा शी-शूचा ट्रे तिकडेच सरकवा.

डॉक्टर, आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा ३२ किलोचा आहे. मेडिकलवाला ॲविल दे म्हणतो, शिवाय मागच्या वर्षीची झोपेची गोळी उरलीये. किती देऊ?
काहीही देऊ नका! ॲविल ॲलर्जीची गोळी आहे, तिने फारतर गुंगी येते, भीती जात नाही. आणि ती उरलेली गोळी ॲसिप्रोमेझीन (गुंगी आणणारं औषध) असेल तर अजून वाईट, कारण कुत्रा गप्प पडून राहतो, घरच्यांना वाटतं झोपला बिचारा, पण त्याला सगळं ऐकू येत असतं, भीती तशीच असते, फक्त उठून पळता येत नाही. काहींना तर आवाज उलट जास्त झोंबतो. भीती खरंच कमी करणारी औषधं आहेत, पण ती वजन, वय, हार्ट, लिव्हर बघून द्यावी लागतात आणि आधी एका शांत दिवशी ट्रायल डोस देऊन बघावा लागतो. ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातला फोन करून कसं जमणार? गणपतीत ढोल-ताशाला जो पलंगाखाली शिरला तो दिवाळीत घाबरणारच होता, तेव्हाच आणायचं होतं ना त्याला. असो, आजच तुमच्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, घेऊन जा.

ऑनलाइन १००% गॅरंटीवाला कामिंग शर्ट (कुत्र्याला शांत करायला घालायचा घट्ट कपडा) घेऊ का?
गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. अंगाला घट्ट कपड्याने काहींना थोडं बरं वाटतं एवढंच, पग जातीच्या कुत्र्याला धाप लागत असेल तर घालूच नका.

फिरायला कधी न्यायचं?
अंधार पडायच्या आत. पट्टा घराच्या आतच लावायचा, पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवा, दिवाळीत घाबरलेली कुत्री उघड्या दारातून पळून हरवू शकतात.

पिल्लाने न फुटलेला फटाका चावून खाल्लाय, मीठपाणी पाजून उलटी काढू का?
नको, मीठपाण्यानेच जीव जाऊ शकतो, आणि फटाक्यात बेरियम असू शकतं, ते विषारी असतं. वाचणं थांबवा, फटाक्याचं वेष्टन बरोबर घ्या आणि लगेच दवाखान्यात निघा.