वाचकांचे प्रश्न : दिवाडी बेटावरचे एक वर्ष

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, पुण्यातील घर सोडून एका वर्षासाठी गोव्यातील दिवाडी बेटावर राहायला आलो. या सदरात त्याचा ओझरता उल्लेख झाल्यापासून नेहमीचे प्रश्न मागे पडले असून बहुतेक पत्रे बेटाविषयीच येत आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपल्या संथ आयुष्याचा हेवा वाटतो. सकाळी उठून समुद्राकडे पाहत चहा घेणे, मुलांना वाळूत खेळू देणे, असा दिवस आम्हाला कधी मिळणार? आपला दिवस नेमका कसा जातो?
*(एक वाचक, डोंबिवली)*

आमच्या बेटाला समुद्र नाही आणि वाळूही नाही. दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातील, मांडवी नदीच्या पात्रातील बेट आहे. पणजीपासून ते साधारण दहा किलोमीटरवर असेल. आमच्या घराच्या ओसरीवरून चिखल, खारफुटी आणि भातशेती दिसते. बेटावर येण्यासाठी रायबंदर, जुने गोवे किंवा नार्वे येथून फेरीबोट घ्यावी लागते, कारण रस्त्याचा पूल नाही. गमतीची गोष्ट अशी, की कोकण रेल्वे मात्र नदीवरच्या पुलांवरून आमच्या बेटावरून जाते, पण येथे थांबत नाही. आम्हाला गाडी धरायची असेल, तर आधी फेरीबोटीने नदी ओलांडून पलीकडच्या करमळी स्थानकावर जावे लागते. माझा मुलगा रोज संध्याकाळी त्या गाडीला हात करतो आणि ती आपल्यासाठी थांबत का नाही, असे रोज विचारतो.

दिवसाची सुरुवात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने होते. सायकलच्या मागच्या टोपलीत पोळी, उंडे आणि कांकणे घेऊन तो येतो. ही पोळी म्हणजे आपली पोळी नव्हे, तर कोंडा लावलेला पोकळ पाव, हे मुलांना समजावण्यात आमचा पहिला आठवडा गेला. भोंगा ऐकू येताच बाहेर गेले नाही, तर पाव चुकतो. त्यानंतरचे सारे फेरीबोटीवर अवलंबून असते. ही बोट नदी परिवहन खात्याची आहे, पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि नदी ओलांडायला काही मिनिटेच लागतात. परंतु बोट नेमकी पलीकडच्या धक्क्याला असेल, तर ती भरून परत येईपर्यंत थांबण्याखेरीज काहीही करता येत नाही. पुण्यात आम्ही सिग्नलला चिडत होतो, दुसऱ्या रस्त्याने गाडी वळवत होतो आणि त्या वळवण्यालाच हुशारी समजत होतो. येथे दुसरा रस्ताच नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यात चिडचिड वाढली, हे मी प्रामाणिकपणे सांगते, आणि ती ओसरायला दिवाळी उजाडली.

आता आम्ही दिवसातून दोनऐवजी एकदाच नदी ओलांडतो. बँक, औषधे, किराणा आणि टपाल ही कामे एका कागदावर लिहून ठेवतो आणि जे कागदावर राहून गेले, ते दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. ज्याला आपण संथपणा म्हणता, तो आमच्यापुरता एवढाच आहे. कामे कमी झालेली नाहीत. धुणे, भांडी, शाळेचा डबा आणि पतीच्या कार्यालयाच्या बैठका पुण्यात होत्या तेवढ्याच येथेही आहेत. फक्त कधी काय होईल, हे आमच्याऐवजी नदी ठरवते.

प्रश्न : पावसाळ्यात लहान मूल घेऊन बेटावर राहणे शक्य आहे का? आम्हीही असा प्रयोग करण्याच्या विचारात आहोत. कोणत्या महिन्यात यावे?
*(एका दोन वर्षांच्या मुलाचे वडील, नाशिक)*

पावसाळ्याच्या आधी या, म्हणजे खरे काय ते लगेच कळेल. डिसेंबरात येणाऱ्याला हे बेट फार सोपे वाटते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो, हे पुस्तकातले वाक्य आमच्या कपाटातील कपड्यांनी आम्हाला शिकवले. चामड्याचे पट्टे, लाकडी खेळणी आणि मसाल्याचे डबे या सर्वांना बुरशी आली. वीज जाते, म्हणून बॅटरीचा इन्व्हर्टर घ्यावा लागला. लंगोट वाळत नाहीत, तेव्हा स्वयंपाकघरात चुलीवर दोरी बांधावी लागते. ती जागा घरमालकीणबाईंनी दाखवली, म्हणून आमचे निभावले.

येथील घरांमध्ये मे महिन्यात पुरुमेंत भरण्याची पद्धत आहे. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी : सुकी मासळी, मिरच्या, चिंच, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं, तांदूळ, कांद्याच्या माळा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा समुद्राची ताजी मासळी दुर्मिळ होते आणि ही बेगमीच कामी येते. आम्ही मेच्या अखेरीस आलो, तेव्हा आमच्याकडे पुण्याहून आणलेली पास्त्याची पाकिटे होती. शेजारच्या आजींनी ती पाहिली, काही बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सुक्या बांगड्यांची परडी पाठवली.

पावसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण त्याच महिन्यांत मला हे बेट समजले. बेटाच्या कडेची शेते ही खाजने आहेत, म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली, भरतीच्या पातळीहून खालची जमीन. बांधाला मानस नावाचे लाकडी दार असते. ओहोटीला आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते आणि भरती चढू लागली, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार मिटते. त्याला ना वीज लागते, ना माणूस. जूनच्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेले, की कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात पेरतात. मानशीजवळ जाळे लावून शेवटे आणि काळुंदर हे मासे व कोळंबी धरतात. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते, म्हणून तिला कोणी तोडू लागले तर गावात भांडण होते. हे सारे आम्ही छत्री धरून, गुडघाभर चिखलात उभे राहून पाहिले. मुलगी आता मानस उघडे आहे की मिटलेले, हे बघून भरती सांगते.

प्रश्न : मुलीच्या शिक्षणाचे काय? एक वर्ष वाया जात नाही का?
*(एक शिक्षिका, कोल्हापूर)*

आपण शिक्षिका आहात, म्हणून थेट सांगते. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात, त्यामुळे भाषेची अडचण आली नाही. मुलीला मराठी शाळेत घातले; लहान वर्गात एकेका मुलाकडे लक्ष जाते, हा लाभ मोठा आहे. उणीव अशी, की चित्रकलेचा किंवा पोहण्याचा वर्ग हवा असेल, तर नदी ओलांडून पणजी गाठावी लागते आणि तो जाण्यायेण्याचा वेळ सहा वर्षांच्या मुलीला झेपत नाही. आम्ही ते सर्व वर्ग सोडून दिले. ती कोकणी मात्र खेळताना शिकली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी येथे बोंदेराचा उत्सव असतो. वाड्यांच्या हद्दीवरील जुन्या तंट्यांची आठवण म्हणून झेंड्यांची मिरवणूक निघते. त्या वेळी मुले फोटाश नावाची बांबूची पिचकारीवजा बंदूक घेऊन हिरव्या फळांच्या गोळ्या उडवतात. आमच्या मुलीला ती बंदूक शेजारच्या मुलाने करून दिली. तिचे वर्ष वाया गेले असे मला वाटत नाही, परंतु आपण पुढच्या इयत्तेत तिची परीक्षा घेतली, तर गुणाकारात ती मागे आढळेल, हेही मान्य करते.

प्रश्न : रात्रीअपरात्री मूल आजारी पडले, तर काय करता? मला तर ऐकूनच धडकी भरते.
*(एक आजी, सांगली)*

आजी, आपली धडकी योग्य आहे आणि या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगणे चुकीचे ठरेल. जुलैमध्ये मुलाला रात्री दहाच्या सुमारास ताप चढला आणि त्याचे अंग ताठ झाले. त्या घटकेला पाऊस इतका होता, की पलीकडचा दिवा दिसत नव्हता. बोट दुसऱ्या तीरावर होती आणि आम्ही धक्क्यावर बराच वेळ उभे होतो. किती वेळ, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पलीकडे उतरल्यावर बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता मोठा नाही आणि मूल सुखरूप राहिले. परंतु त्या धक्क्यावर मी मनातल्या मनात सामान बांधून पुण्याला निघाले होते.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तापाचे औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घेतली, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला नदीच्या कोणत्या धक्क्यावर बोलवायचे ते ठरवले आणि संध्याकाळी मुलाचे अंग जरा जरी गरम वाटले, तरी रात्र पडण्याआधीच नदी ओलांडून जुने गोवे येथील परिचितांकडे मुक्कामाला जायचे, असा नियम केला. तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा काही निघाले नाही. ज्या घरात दम्याचे किंवा फेफऱ्याचे मूल आहे, त्यांनी पुलाविना असलेल्या बेटावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : तुमच्यासारखी शहरी कुटुंबे वर्षभरासाठी 'सुशेगाद' जगायला येतात, भाडी वाढवतात आणि निघून जातात. बेटावर जन्मलेली मुले मात्र कामासाठी बाहेर पडतात. याचा कधी विचार केलात का?
*(एक वाचक, म्हापसा)*

आपल्या पत्रातील राग मला पटला, म्हणून ते जसेच्या तसे छापले आहे. आम्ही दिलेले भाडे आम्हाला पुण्याच्या मानाने माफक वाटले. येथल्या तरुण जोडप्याला ते परवडणारे नाही, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले, जेव्हा घरमालकीणबाईंच्या भाच्याने लग्नानंतर रायबंदरला खोली घेतली. आमचा संथपणा पतीच्या पुण्याच्या पगारावर उभा आहे. फेरीबोटीवरचे खलाशी पाळीने काम करतात, पोदेर पहाटे उठतो, मासळीवाल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन भर उन्हात फिरतात. त्यांच्यापैकी कोणी हळू जगत नाही. 'सुशेगाद' हा पोर्तुगीज 'सोसेगादु'पासून आलेला शब्द. त्याचा अर्थ शांत, समाधानी असा असताना पर्यटनाच्या जाहिरातींनी तो आळशीपणाला जोडला, याबद्दल आपल्याइतकाच मलाही आक्षेप आहे.

एक बारीकसे स्पष्टीकरण देते, समर्थन नव्हे. आम्ही घर विकत घेतले नाही, वापरात नसलेल्या घराचा अर्धा भाग अकरा महिन्यांच्या कराराने घेतला आणि भाडेकरू म्हणून पोलिसांकडील नोंदणी केली. पुलाची चर्चा अधूनमधून होते. त्यावर मत देण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे, कारण पूल झाला किंवा न झाला, तरी त्याचे परिणाम आम्ही भोगणार नाही. या बेटावर बाहेरच्यांनी ठरवलेल्या गोष्टी पूर्वीही पुष्कळ झाल्या आहेत. येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले, देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. आम्ही नार्वेच्या फेरीबोटीने दर्शनाला जातो, तेव्हा देवाच्याच वाटेने नदी ओलांडतो आहोत, हे मुलीला सांगते.

प्रश्न : वर्ष संपत आले. परत जाणार की राहणार? आणि जाणार असाल, तर फ्रिज-कपाटासकट सामान फेरीबोटीने नेता तरी कसे?
*(एक वाचक, ठाणे)*

परत जात आहोत. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरली आहे. शिवाय जुलैमधली ती रात्र मी विसरलेले नाही. पतींना राहायचे होते, मला अर्धे राहायचे होते. मुलांना कोणी विचारले नाही, विचारले असते तर रेल्वे पुण्यातही दिसते का, एवढेच मुलाने विचारले असते.

सामानाचा प्रश्न मात्र जाणकाराचा आहे. येताना आम्ही पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी पाचला धक्क्यावर आलो. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी फार खाली उतरते, त्यामुळे धक्क्याचा उतार उभा होतो. टेम्पोचे मागचे फळकूट घासले, कपाट सरकले आणि त्याचा आरसा फुटला. कोकणातील जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे आम्ही नेमक्या सर्वांत वाईट घटकेला पोचलो होतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरती-ओहोटीतील फरक थोडा राहतो आणि धक्का दिवसभर सपाटच असल्यासारखा भासतो. टेम्पोवाल्याला या महिन्याच्या अष्टमीची तारीख दिली आहे. आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या पहिल्या भरतीला तो बोटीवर चढेल.