गणित, विज्ञान आणि इतिहास: तिन्ही एकत्र शिकता येतील?

प्रश्न: मुलीला गणित आणि पदार्थविज्ञान आवडतं, पण इतिहासही सोडवत नाही. एका लहान कॅथलिक कॉलेजात तिला प्रवेश मिळतोय. आम्ही कॅथलिक नाही. नातेवाईक म्हणतात, 'ना धड इकडची होईल, ना तिकडची. आणि धर्मसंस्थेच्या कॉलेजात विज्ञान काय शिकवणार?' काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, आधी नातेवाइकांची दुसरी शंका घेते. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते आणि कॅथलिक विद्यापीठातच शिकवत होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाण्याची रोपं वाढवली ती मठाच्या बागेत. म्हणून पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल चर्चने गॅलिलिओवर चालवलेला १६३३ चा खटला विसरायचा असं नव्हे. कॉलेज बघायला जाल तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारा, हा खटला तुम्ही वर्गात कसा शिकवता? ते विषय टाळतात की मूळ कागदपत्रांबद्दल भरभरून बोलू लागतात, यावरून बरंच कळेल.

आता 'ना धड इकडची'बद्दल. मुलीला एक कोडं घाला: १५८२ साली रोममध्ये ४ ऑक्टोबरनंतर दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर का उजाडला? जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलं होतं. खरं सौरवर्ष त्याहून साधारण सव्वाअकरा मिनिटांनी लहान. एवढ्याशा फरकाचा १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. असे दिवस साचत गेले आणि वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चवर आला. ईस्टरची तारीख त्यावरच ठरत असल्याने चर्चला हे निस्तरणं भाग होतं, म्हणून मधले दहा दिवस गाळले. क्लॅव्हियस या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) गणितज्ञाने नव्या दिनदर्शिकेची आकडेमोड सविस्तर मांडली. ४०० ने भाग न जाणारं शतकवर्ष लीप नाही, म्हणून १९०० मध्ये २९ फेब्रुवारी नव्हता, २००० मध्ये होता. इतकं चोख गणित, तरी ब्रिटनने ते १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही, कारण ब्रिटन प्रॉटेस्टंट आणि दिनदर्शिका पोपची होती! हे ऐकून मुलीने वही ओढली आणि स्वतः गुणाकार करू लागली, तर तिची आवड विखुरलेली नाही, एकाच जागी आहे असं समजा.

मात्र आवड जुळली म्हणून कॉलेज योग्य ठरत नाही. लहान कॉलेजात प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, गणितातली चुकलेली सिद्धता शेजारी बसून तपासतात. हे सुख मोठं आहे. पण रिअल ॲनालिसिस किंवा क्वांटम मेकॅनिक्ससारखे वरचे विषय तिथे बरेचदा वर्षाआड लागतात, आणि शिकवणारे एकमेव सर रजेवर गेले की तेही लांबतात. तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा. मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणते विषय शिकवले गेले, त्याचं वेळापत्रक मागून घ्या. प्रयोगशाळेचा तास आणि इतिहासाचं चर्चासत्र एकाच दुपारी येतात का, तेही पाहा. ही अडचण मी वारंवार पाहिली आहे. अनेक कॅथलिक कॉलेजांत धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे काही पेपर सर्वांना सक्तीचे असतात. ते किती, आणि प्रार्थनेला हजेरी लागते का, हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका.

माझं मत विचाराल तर मुख्य विषय गणित ठेवावा, जोडीला पदार्थविज्ञान. गणिताची पायरी गाळली की पुढे एकटीने ती भरून काढणं फार जड जातं. इतिहास नंतरही वाचता येतो, पण इतिहासाची मूळ साधनं तपासून लिहिण्याची सवय वाचून लागत नाही. म्हणून निदान एक मोठा प्रबंध प्राध्यापकांच्या हाताखाली व्हायलाच हवा. कॉलेजात लॅटिन शिकवत असतील तर तिने ती जरूर घ्यावी. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षण मांडलं ते लॅटिनमध्ये. विज्ञानाच्या इतिहासात पुढे संशोधन करायचं ठरलं, तर गणित आणि लॅटिन दोन्ही येणारी मुलगी मूळ ग्रंथ स्वतः उघडू शकेल. तो विचार बदललाच, तर गणिताची पदवी हातात आहेच.

वेळापत्रक मिळालं की सगळ्या सत्रांचा तक्ता तिलाच पेन्सिलीने आखू द्या. कुठे अडतंय ते खूण करून मला पाठवा, मग प्रवेशाची फी भरायची की नाही ते ठरवू.