रडणारा चेहरा हवाच का? गरिबीविरोधी ऑनलाइन जाहिरातींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. रडणाऱ्या मुलाचा फोटो टाकला की देणग्या येतात, साधा फोटो टाकला की येत नाहीत. मग तत्त्व सांभाळायचं की काम चालवायचं?

तुमचा अनुभव खोटा नाही. पण लोकांचा हात खिशाकडे नेमका कशाने जातो, हे जरा तपासून पाहू. स्मॉल, लोवेन्स्टाइन आणि स्लोव्हिक या तिघा संशोधकांचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांच्या हातात पाच डॉलर ठेवून त्यातले किती देता, असं विचारलं होतं. आफ्रिकेतल्या माली देशातल्या रोकिया या सात वर्षांच्या मुलीची हकिकत ज्यांनी वाचली, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. ज्यांना फक्त लाखो भुकेल्या माणसांचे आकडे दाखवले, त्यांनी १.१४ दिले. हकिकत आणि आकडे एकत्र दिल्यावर रक्कम १.४३ वर आली. म्हणजे माणसाला माणूस भिडतो. एका नावाची, एका वयाची, एका घरातली व्यक्ती समोर हवी. तिने रडलंच पाहिजे, असं यातून अजिबात निघत नाही.

एका मोहिमेची चित्रफीत तपासायला माझ्याकडे आली होती. कॅमेऱ्याकडे बघणारा मुलगा आणि मागे करुण संगीत. मी आवाज बंद केला आणि न कापलेलं मूळ चित्रण मागवलं. त्यात मुलाच्या मागे त्याची आई खिडकीशी उभी होती. दोरीला बांधलेल्या पेनने ती अर्ज भरत होती. पेनची दोरी अपुरी पडत होती, म्हणून तिने कागद भिंतीवर वर सरकवून धरला होता. संकलनात नेमकी तीच कापली होती! माझ्या मते खरी जाहिरात तिथे होती. ती बाई काहीतरी करत होती आणि तिला काय अडवतंय तेही त्याच चौकटीत दिसत होतं.

दुसरं म्हणजे, फोन आता गरीब घरांतही आहे. ज्याची गोष्ट तुम्ही सांगताय तो माणूस, त्याची मुलं, त्याच्या मुलांचे वर्गमित्र, सगळे ती जाहिरात बघणार आहेत. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका मदतनिधीने २०१२ मध्ये हा आरसा फार चांगला धरला होता. त्यांच्या चित्रफितीत आफ्रिकेतले लोक थंडीने गारठलेल्या नॉर्वेजियनांसाठी खोली गरम ठेवणारे रेडिएटर गोळा करतात. आपल्याबद्दल कोणी फक्त कीव करत राहिलं तर कसं वाटतं, हे ती बघताना कळतं. म्हणून प्रकाशित करण्याआधी जाहिरात त्या व्यक्तीला दाखवा, मोठ्याने वाचून दाखवा, आणि ती नको म्हणाली तर काढून टाका. मूल असेल तर पालकांना विचाराच, पण मुलालाही विचारा.

प्रश्न : बजेट जवळजवळ शून्य, माणसं तीन. अशा वेळी काही नवीन कल्पना सुचवाल का?

आधी होऊन गेलेल्या दोन कल्पना सांगतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्रीराइस या संकेतस्थळावर शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला की दहा दाणे तांदूळ दान व्हायचा आणि खर्च पानावरच्या जाहिरातींतून निघायचा. युनिसेफच्या २०१४ मधल्या एका मोहिमेत दहा मिनिटं फोनला हात लावला नाही, तर प्रायोजक एका मुलाच्या एका दिवसाच्या स्वच्छ पाण्याचा खर्च देत. दोन्हींत बघणाऱ्याला पैसे मागितलेले नाहीत, त्याला काहीतरी करायला लावलंय.

आता तुमच्यासाठी. मघाच्या त्या बाईचा अर्जच जाहिरात करा. बॅनरवर दाबलं की अर्ज उघडतो. पहिल्या रकान्यात पत्ता. दुसऱ्यात पत्त्याचा पुरावा. पुरावा मिळवायला आणखी एक अर्ज, आणि त्यात पुन्हा पहिल्या अर्जाची प्रत मागितलेली. चौथ्या रकान्यानंतर एवढंच येतं : ‘वेळ संपली, उद्या या. आजची मजुरी बुडाली.’ मग एकच बटण, अर्ज सोपा करा या मागणीवर सही करण्याचं. यात फोटो नाही, कुणाचा चेहरा विकलेला नाही, आणि बनवायला एक साधं वेबपान पुरतं.

दुसरी कल्पना दोन खरेदीच्या टोपल्यांची. एकात महिन्याचं सामान एकदम घेतलंय, दुसऱ्यात तेच रोज सुट्या पुड्यांत. बोट सरकवत महिनाअखेरीला यावं, तर कमी पैसे असलेल्याने जास्त पैसे मोजलेले दिसतात. गरिबी महाग पडते हे तासभर समजावण्यापेक्षा हे अर्ध्या मिनिटात पटतं. किमती मात्र तुम्ही स्वतः दुकानात जाऊन टिपलेल्या हव्यात.

पान हलकं ठेवा, मथळे चित्रातच टाका, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. गुगल पात्र ना-नफा संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती (गुगलवर काही शोधल्यावर दिसणाऱ्या) मोफत देतं, तिथे अर्ज करून बघा.

प्रश्न : लाइक हजारोंनी येतात, पुढे काहीच हलत नाही.

कारण पुढे काय करायचं हे जाहिरातीत नाही. युनिसेफच्या स्वीडनमधल्या शाखेने २०१३ मध्ये सरळ सांगितलं होतं की लाइकने लस विकत घेता येत नाही. एका जाहिरातीत एकच मागणी ठेवा : सही, फोन किंवा देणगी. ती कुणाकडे आणि कधीपर्यंत, तेही लिहा. तीन बटणं दिली की लोक एकही दाबत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : धोरण बदला असं म्हणणारी जाहिरात अडवली जाऊ शकते का?

हो, आणि याचा विचार आधीच करा. ब्रिटनमध्ये २००५ साली गरिबी हटवण्याच्या एका मोठ्या मोहिमेची जाहिरात आली होती. नामवंत व्यक्ती दर तीन सेकंदांनी चुटकी वाजवत, प्रत्येक चुटकीला गरिबीने एक मूल दगावतं असं सांगत. तिथल्या प्रसारण-नियामक ऑफकॉमने ती राजकीय ठरवली आणि टीव्ही-रेडिओवर बंद झाली. ऑनलाइन मंचांवरही सामाजिक प्रश्नांच्या जाहिरातींना अनेक ठिकाणी ओळख पडताळणी आणि ‘पैसे कोणी दिले’ ही ओळ लागते. पडताळणीला दिवस जातात. १७ ऑक्टोबरच्या गरिबी निर्मूलन दिनासाठी मोहीम आखत असाल, तर ती कागदपत्रं सप्टेंबरच्या सुरुवातीलाच भरून टाका.