माद्रिदचा राजवाडा बाहेरून बघून परत फिरू नका

प्रश्न: ‘माद्रिदमध्ये अर्धाच दिवस हातात आहे. रॉयल पॅलेस तिकीट काढून आतून बघावा का? की बाहेरून फोटो काढून प्रादो संग्रहालय गाठावं? राजवाडे शेवटी सगळे सारखेच असतात ना?’

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझे थोरले दीर घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकवतात.

आत जा. सगळे राजवाडे सारखे नसतात. या जागी आधी अल्काझार नावाचा जुना राजवाडा होता. 1734 च्या नाताळच्या आदल्या रात्री तो आगीत गेला. म्हणून नवा बांधताना लाकूड टाळून दगड-विटांच्या कमानींवर सगळा भार घेतला. 1764 साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस राहायला आला. तीन हजारांवर खोल्या आहेत, पण बघायला मिळतात त्यातल्या थोड्याच. राजघराणं आता इथे राहत नाही, समारंभांपुरतं येतं.

आम्ही एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. पत्रकात ‘राजवाडा दर्शन’ छापलेलं होतं. प्रत्यक्षात बस थांबली, कुंपणापाशी फोटो झाले आणि मॅनेजर म्हणाला, ‘आत काय, झुंबरं आणि खुर्च्या. त्यापेक्षा शॉपिंगला वेळ देतो.’ भाऊजींनी लगेच मान डोलावली. माझे बाबा मात्र तिथून हलेनात. बाबांनी उभी हयात व्हायोलिन वाजवलं, नाटकांना आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना साथ केली. या राजवाड्यात स्त्रादिवारी या नामवंत इटालियन कारागिराने घडवलेली व्हायोलिनसारखी वाद्यं आहेत हे त्यांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. मी मॅनेजरला सांगितलं, आम्हाला संध्याकाळी हॉटेलवर भेटा. आणि दोन तिकिटं काढली.

जिना प्रचंड आहे, पण पायऱ्या ठेंगण्या, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. सिंहासनाच्या दालनात तिएपोलो या इटालियन चित्रकाराने रंगवलेलं छत आहे. मी मान वर करून बघतच राहिले, बाबा पुढे निघालेसुद्धा.

ती वाद्यं काचेआड आहेत. दोन व्हायोलिन आणि त्यांचेच मोठे भाऊबंद, एक व्हिओला, एक चेलो, असा नक्षीकाम केलेला संच. आंतोनिओ स्त्रादिवारीची नक्षीदार वाद्यं जगात मोजकीच उरली आहेत. काठाने काळ्या पट्टीत हस्तिदंताचे बारीक ठिपके आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे बसवलेत, आणि कडेच्या फळीवर वेली, फुलं, प्राणी. बाबा समोरून बघेनातच. काचेच्या बाजूला जाऊन, वाकून, ती कडेची फळी बघत होते. मग घोडीकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीकडे, बोट दाखवून म्हणाले, ‘तारा चढवलेल्या आहेत. ताण दिलेला आहे. म्हणजे ही नुसती ठेवलेली नाहीत, वाजवतात.’ तिथल्या पहारेकरीण बाईंना इंग्रजी येत नव्हतं. बाबांनी हवेत गज ओढून दाखवला आणि वाद्याकडे बोट केलं. बाई हसल्या, जोरजोरात मान हलवली आणि त्याच इमारतीकडे हात फिरवून काहीतरी बोलल्या. खरंच, या वाद्यांवर राजवाड्यात मैफली होतात. राजा चौथा कार्लोस स्वतः व्हायोलिन वाजवायचा, त्याच्याच हौसेने हा संच दरबारात आला. बाबा चेलोसमोर, हातात गज धरल्यासारखे, किती वेळ उभे होते, मी घड्याळ बघितलं नाही.

भाऊजी अजून म्हणतात, ‘कपाटातली चार व्हायोलिनं बघायला एवढे युरो!’ भाऊजी हा मजकूर वाचतील, म्हणून इथेच सांगते. त्या दिवशी तुम्ही घेतलेली चामड्याची बॅग मुंबईतही मिळते. ते चार नग माद्रिदलाच बघावे लागतात. आणि ज्या माणसाने आयुष्यभर ज्या वाद्याची राळ पुसली, त्याला त्या वाद्यापासून शंभर पावलांवरून परत फिरवायचं, याला काटकसर म्हणत नाहीत.

तुम्हाला संगीतात रस नसेल तर राजवाड्याचं शस्त्रागार बघा, फक्त ते उघडं आहे का हे आधी तपासा. घोड्यांसकट चिलखतं मांडली आहेत. सम्राट पाचव्या चार्ल्सचीही आहेत.

प्रादोचं म्हणाल, तर चित्रकार वेलाझ्केझचं गाजलेलं ‘लास मेनिनास’ तिथे आहे. हे चित्र त्या 1734 च्या आगीतूनच वाचवलेलं. चित्रांची खरी आवड असेल तर प्रादोला अर्धा दिवस पुरत नाही, हे मान्य. दोन्ही अर्ध्या दिवसात कोंबू नका.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. सरकारी समारंभ असला की राजवाडा बंद ठेवतात, म्हणून जायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ बघा आणि तिकीट तिथेच काढा. संध्याकाळची फुकट प्रवेशाची वेळ युरोपीय संघ आणि लॅटिन अमेरिकेतल्या नागरिकांसाठी असते, भारतीय पासपोर्टवर ती धरू नका. आत फोटो काढण्याआधी विचारून घ्या. आणि टूरबरोबर जात असाल, तर ‘दर्शन’ म्हणजे आत नेणार की फाटकाशी थांबवणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.