परदेशात पाच जणांचा आधुनिक टँगो गट काढतोय. बँडोनिऑन (टँगोतलं बटणांचं, भात्याचं वाद्य) वाजवणारा मिळत नाही, अकॉर्डियन चालेल का?

नाही चालणार. खाली कोणीतरी ‘प्रयोग करायला काय हरकत आहे’ लिहीलच, म्हणून आधीच सांगते.

लाइपझिगमध्ये आमचं पंचक होतं. बँडोनिऑन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, डबल बास आणि व्हायोलिनवर मी. आधुनिक टँगो घडवणाऱ्या अर्जेंटिनाच्या पियाझोला या संगीतकाराने १९६० साली जमवलेलीच जुळणी. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला आणि बँडोनिऑनवाल्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. पियानोवाला म्हणाला, “भाता तो भाता. अकॉर्डियनवाली आणू.” तिघे एका बाजूला, मी एकटी. हरले.

मुलगी गुणी होती, दोष तिचा नव्हता. पण ‘आदिओस नोनिनो’चा संथ भाग आला आणि माझा गज हातातच जड झाला. वडील गेल्यावर १९५९ मध्ये पियाझोलाने न्यूयॉर्कला लिहिलेली ही रचना. आमच्याकडे ती लाडेलाडे, थरथरत निघाली. वाटलं, पॅरिसच्या कॅफेत कॉफी पीत बसलोय.

पेटी वाजवणाऱ्यांना कारण लगेच कळेल. बँडोनिऑनच्या बटणामागे आपल्या खर्ज-नर पेटीसारखी सप्तकाच्या अंतराची जोडी असते, चोख जुळवलेली. अकॉर्डियनच्या त्या ओळखीच्या आवाजात एकाच स्वराचे दोन सूर मुद्दाम किंचित चढे-उतरे ठेवतात, म्हणून लाट येते. स्विच दाबून ती बंद होते. मध्यंतरानंतर तिने केलीही. पण भात्याचं काय? बँडोनिऑन गुडघ्यावर असतो, त्याच्या वजनानेच भाता झटक्यात उघडतो. टँगोचा ३-३-२ चा ठोका (आठ मात्रांची तशी विभागणी) त्या झटक्यातून येतो. छातीशी पट्ट्यांनी बांधलेल्या वाद्यातून तो कसा येणार? इकडे मी व्हायोलिनच्या घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, तारेच्या गुंडाळीवर गज दाबून चिचार्रा काढत होते (स्पॅनिशमध्ये सिकाडा हा झाडावरचा किडा, आवाजही तसाच किरकिरा), आणि त्याला जबाब द्यायला समोर कोणी नाही.

कार्यक्रमानंतर एक बाई कौतुकाने म्हणाल्या, “तुम्ही लग्नात वाजवता का?” पियानोवाल्याने खूश होऊन त्यांचा नंबर घेतला! वर्षभरात गट मोडला. त्याच्या मते माझ्या हट्टापायी.

गंमत म्हणजे वाद्य मूळचं जर्मन. नावाजलेले आर्नोल्ड बँडोनिऑन आमच्याच सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्ड गावात बनून ब्युनोस आयर्सला जात. आज जुना चांगला नग शोधायला वणवण करावी लागते. अकॉर्डियनवाल्यालाच चार महिन्यांत तयार करू, हेही डोक्यातून काढा. ७१ बटणं, आणि बहुतेक बटणांवर भाता उघडताना एक स्वर, मिटताना दुसरा.

त्यापेक्षा भाता सोडूनच द्या. व्हायोलिन, पियानो, बास एवढ्यावरही टँगो उभा राहतो, फक्त रचना नव्याने बांधून घ्या. पियाझोला १९९२ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या रचनांचे हक्क अजून शाबूत आहेत. कुठे वाजवताय तिथल्या संगीतहक्क सांभाळणाऱ्या संस्थेला वाजवलेल्या रचनांची यादी द्यावी लागेल.

हां, फ्रान्सचा नामांकित अकॉर्डियनवादक रिशार गालियानो अकॉर्डियनवरच पियाझोला वाजवतो आणि मी कान देऊन ऐकते. तुमच्याकडे गालियानो असेल तर वरचं सगळं विसरा. आमच्या पियानोवाल्यानेही तेव्हा त्याचंच नाव पुढे केलं होतं. मी विचारलं होतं, तो येतोय का शनिवारी तालमीला?