मुलीला खासदार व्हायचंय

येवला तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. घरची चार एकर शेती, मुख्य पीक कांदा. ते लिहितात, 'बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भर म्हटलं, तर म्हणते मला खासदार व्हायचंय. आपल्याकडे शाळेतले सर निवडून आले, मग मी का नाही? आमच्या घरातून आजवर कुणी ग्रामपंचायतीलाही उभं राहिलेलं नाही. हे खूळ डोक्यातून कसं काढू?'

दादा, याला खूळ म्हणू नका. तिने जे डोळ्यांनी पाहिलं, तेच ती बोलते आहे. २०२४ मध्ये दिंडोरीतून भास्कर भगरे सर निवडून आले. समोर केंद्रीय राज्यमंत्री होत्या. सरांच्याच आडनावाचा एक अपक्ष लाखाहून जास्त मतं घेऊन गेला, तरी सर लाखाच्या वर मताधिक्याने जिंकले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती उठली ४ मेला, म्हणजे तुमच्याकडच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी. ते पाच महिने तुमच्या घरात कसे गेले असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मुलीने दिल्लीतला एक निर्णय चाळीतल्या कांद्यापर्यंत पोहोचताना पाहिला. त्या निर्णयाच्या जागी आपण असावं, असं तिला वाटलं. यात काय चुकलं?

पण खासदारकीसाठी नोकरीसारखी जाहिरात निघत नाही आणि स्पर्धा परीक्षेसारखा फॉर्मही भरता येत नाही. हे तिला स्पष्ट सांगा. लोकसभेसाठी वय किमान २५ लागतं, म्हणजे अजून पाचेक वर्षं तिला उभंच राहता येणार नाही. दुसरं, दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही. तुम्ही त्यात बसत नसाल, तर तिला तिथून लढता येणार नाही. शेजारचा नाशिक खुला आहे, आणि लोकसभेला देशातल्या कुठल्याही खुल्या मतदारसंघातून अर्ज भरता येतो. अनामत २५ हजार रुपये, एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. महाराष्ट्रात एका उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादा ९५ लाख आहे. चार एकरांतून हा खर्च निघत नाही, म्हणून पक्ष लागतो. पक्ष तिकीट देताना आधी विचारतो, तुला ओळखतं कोण? सरांचा धडा मला इथे दिसतो. शिक्षकाला गावोगावचे विद्यार्थी आणि पालक ओळखतात. ही ओळख वर्षानुवर्षांच्या कामातून होते. तिचं पोट ज्यावर चालेल, तेच काम तिला लोकांपर्यंत नेणारं असलं पाहिजे.

आता निवडून आल्यावर काय, हेही बघू. शपथेचा फोटो सगळे पाहतात. त्यानंतर नवा खासदार पहाटेपासून लोकांच्या गराड्यात असतो. दवाखान्याच्या बिलासाठी चिठ्ठी, रेल्वेचा थांबा, रस्ता, दहावा, लग्न, आणि मतदारसंघ सहा आमदारांच्या क्षेत्राएवढा. जिल्ह्यात केंद्राच्या योजनांवर देखरेख करणारी 'दिशा' समिती असते, तिच्या बैठकीत अधिकाऱ्यांसमोर आकडे घेऊन बसावं लागतं. स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. तो खासदाराच्या हातात येत नाही. त्याने काम सुचवायचं आणि जिल्हा प्रशासनाने ते करून घ्यायचं. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून बोलणी खासदारालाच खावी लागतात.

दिल्लीत कस वेगळा लागतो. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात, २३० अतारांकितांना लेखी उत्तर मिळतं. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं आणि नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय आहे, त्यामुळे इंग्रजीची भीती तिने आत्ताच सोडावी. मात्र पक्षाने व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, काढला की मत त्याप्रमाणेच द्यावं लागतं, नाहीतर १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते. कांद्यावर मनातलं बोलायचं म्हणून दिल्लीला जाणाऱ्या मुलीने हे समजून जावं. मला स्वतःला ही अट फार खुपते.

पगार महिन्याला १ लाख २४ हजार, भत्ते वेगळे. पण मुदत पाचच वर्षांची. मधू दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. राजापुरातून पाच वेळा निवडून आले, रेल्वेमंत्री, अर्थमंत्री झाले, आणि १९९१ मध्ये त्याच राजापुरात हरले. पुढच्या निवडणुकीवर घर चालवायचं नसतं, आणि इथे तुमची काळजी अगदी रास्त आहे.

म्हणून माझं मत असं आहे. बी.ए. पूर्ण होऊ द्या. पुढे बी.एड. नको म्हणत असेल तर जबरदस्ती नको, तीन वर्षांचं एलएल.बी. करू द्या. तालुक्याच्या कोर्टात सातबारा आणि वारस नोंदीची कामं करणारी वकील लवकर ओळखीची होते आणि पोटही भरते. पदवीनंतर संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या 'लॅम्प' फेलोशिपला अर्ज करावा. निवड झाली तर जवळपास वर्षभर एका खासदाराबरोबर दिल्लीत संशोधनाचं काम करायला मिळतं. त्यासाठी वयाची मर्यादा आहे, म्हणून उशीर नको. आणि ग्रामपंचायतीला २१ व्या वर्षी उभं राहता येतं. राज्यात तिथे निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सुरुवात तिथून करू द्या. तुमच्या घरातलं पहिलं माणूस ती असेल.

पत्र वाचून झालं की आणखी एक करा. संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांच्या प्रश्नांची लेखी उत्तरं असतात. कांद्याविषयीची उत्तरं तिला काढायला सांगा आणि संध्याकाळी तिच्याजवळ बसा. सरकारने उत्तरात सांगितलेला भाव आणि त्या आठवड्यात लासलगावला तुमच्या ट्रॉलीला लागलेला भाव जुळतो का, हे तिला तुम्हीच सांगू शकता. जुळत नसेल, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे तिला वहीत लिहू द्या.